एका ट्यूनचं मूळ शोधायला गेले, आणि सेसिल शार्प हाउसच्या लायब्ररीतून निघवेना

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा: लंडनमध्ये राहत असाल किंवा येणार असाल आणि व्हायोलिन, फिडल (लोकसंगीतात व्हायोलिनलाच म्हणतात ते), लोकसंगीत, लोकनृत्य यातलं काहीही तुमच्या जिव्हाळ्याचं असेल तर कॅमडनला सेसिल शार्प हाउसमध्ये जी व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररी आहे तिथे एक अख्खा दिवस काढाच. बसून वाचायला पैसे नाहीत, मेंबर असायला पाहिजे असंही नाही, कोणीही जाऊ शकतं. वेळा फक्त आधी वेबसाईटवर बघून घ्या.

आता मी तिथे का गेले ते. मी लहानपणापासून आपलं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेली, मांडी घालून बसायचं, तारा सा-प-सा-प ला लावायच्या, असं सगळं. लंडनला आल्यावर एका पबमधल्या सेशनला जायला लागले, सेशन म्हणजे दर आठवड्याला पाच-दहा जण फिडल, कॉन्सर्टिना (हातात धरून भाता दाबत वाजवायची छोटी पेटी), बासरी वगैरे घेऊन गोल बसतात आणि जुन्या ट्यून्स वाजवतात, कागद नाही, स्टेज नाही, ज्याला येते त्याने सुरू करायची आणि बाकीच्यांनी उचलायची. तिथे सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ येतात, ते एकदा ‘प्रिन्सेस रॉयल’ नावाची ट्यून वाजवायला लागले आणि मी हातातलं फिडल मांडीवर ठेवून नुसती ऐकत बसले. कोमल गंधाराची ट्यून, वरून पायऱ्या उतरल्यासारखी खाली येणारी, आणि मधेच एका ठिकाणी त्यांनी लय एकदम निम्म्यावर आणली, प्रत्येक सूर ताणून धरला, आणि मग परत मूळ लयीत. मला वाटलं चुकले की काय. नाही, ते तसंच असतं, ते का तसं ते पुढे सांगते.

मी शिकायला घेतली. त्याच सुमारास एका ऑनलाइन फिडल कोर्सला २५ पौंड भरले होते, नाव घेत नाही, तिथे ही ट्यून विल्यम शील्ड नावाच्या संगीतकाराने १७९६ मध्ये केली असं ठोकून दिलं होतं. मी सेशनला जाऊन तसं सांगितलं तर आमच्यात बासरी वाजवणारी एक आयरिश मुलगी आहे ती उसळलीच, म्हणाली ही आमच्या हार्पवाल्या कॅरोलनची आहे. आणि ते आजोबा शांतपणे म्हणाले, मी तर ही ऑक्सफर्डशरच्या मॉरिस (घुंगरू बांधून, हातात रुमाल घेऊन नाचायचं इंग्लंडचं जुनं लोकनृत्य) नाचणाऱ्यांकडून घेतली, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते म्हणतील आमच्या गावची आहे. म्हणजे एका ट्यूनवर तीन हक्क. मला राहवेना.

तर लायब्ररी. कॅमडन टाउन स्टेशनला उतरून पार्कवेने सरळ वर चालत गेलात की दहा मिनिटांत रीजंट्स पार्क रोडवर ही विटांची इमारत लागते. १९३० साली उघडली, गावोगावची गाणी आणि नाच गोळा करणाऱ्या सेसिल शार्पच्या स्मरणार्थ बांधलेली. तो १९२४ मध्ये गेला. युद्धात १९४० मध्ये हिच्यावर बॉम्ब पडला आणि दुरुस्त होऊन परत सुरू व्हायला १९५१ उजाडलं. लायब्ररीला संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्सचं नाव आहे, १९५८ ला तो गेल्यानंतर दिलेलं. इमारत इंग्लिश फोक डान्स अँड साँग सोसायटीची आहे आणि ती निव्वळ पुस्तकांची जागा नाही हे मला फार आवडलं, त्याच छपराखाली नाचाचे आणि वाद्यांचे क्लास, ‘केली’ म्हणजे सगळ्यांनी मिळून लोकनृत्यं नाचायचे कार्यक्रम, असं सगळं चालतं, लायब्ररीत ज्या नाचाबद्दल तुम्ही वाचताय तो शिकायची सोय पण तिथेच.

जायच्या आधी घरी बसून त्यांची वेबसाईट बघाच, कारण अर्धं काम तिथेच होतं. शंभर वर्षांपूर्वी गावोगाव फिरून ज्यांनी गाणी आणि नाच लिहून घेतले त्यांच्या वह्या स्कॅन करून ठेवल्यात, सगळ्यांना खुल्या, एक पैसा न घेता. मी जॉर्ज बटरवर्थच्या नोंदी उघडल्या आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. संगीतकार, स्वतः उत्तम मॉरिस नाचणारा, पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या ऑगस्टमध्ये सॉमच्या लढाईत गेला, वय ३१. त्याच्या हातच्या नोंदी, नाचाच्या पायांच्या खुणा, आज मी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉपवर बघतेय. याचं मोल पैशात होत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा म्हणजे शोधताना गोंधळ नाही होणार. या लायब्ररीशी जोडलेली जी प्रसिद्ध सूची आहे, राउड इंडेक्स, ती गाण्यांची आहे. एकाच गाण्याची शंभर रूपं असली तरी सगळ्यांना एकच नंबर, त्यामुळे गाणं शोधणं एकदम सोपं. पण शब्द नसलेल्या नाचाच्या ट्यूनला तो नंबर नसतो. ट्यून शोधायची तर नावाने शोधा, संग्राहकाच्या नावाने शोधा, गावाच्या नावाने शोधा, स्पेलिंग बदलून शोधा, आणि नाव तेच पण ट्यून वेगळी, ट्यून तीच पण नाव वेगळं, हे दोन्ही होणार हे धरूनच चाला. आणि अडलात तर सरळ जाऊन विचारा.

मी तेच केलं. टेबलावर जाऊन सांगितलं की मला प्रिन्सेस रॉयलचं मूळ हवंय. आणि तिथल्या माणसाने जे केलं ते मला फार भावलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. शांतपणे विचारलं, तुम्हाला कुठली तारीख हवीय, पहिल्यांदा छापल्याची, पहिल्यांदा हाताने लिहिल्याची, की पहिल्यांदा वाजवल्याची? मी गप्प. मग म्हणाले पहिल्या दोन बघू, तिसरी कोणालाच मिळत नाही. आणि कुठल्या कपाटापासून सुरुवात करायची ते दाखवून दिलं. इतका साधा प्रश्न, पण माझ्या डोक्यातला सगळा गुंता त्याने सोडवला, कारण कोर्सवाल्यांनी, त्या मुलीने आणि आजोबांनी तिघांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती आणि मी ती एकाच प्रश्नाची समजून भांडण लावत बसले होते.

तर पहिला दावा शील्डचा. हा सगळ्यात आधी निकालात निघाला. या देशात नाचाच्या ट्यून्स छापायचा धंदा जुना आहे, जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ काढलं, लंडनला इनर टेंपलमध्ये चर्चच्या दाराजवळ त्याचं दुकान होतं, पहिल्या आवृत्तीत १०५ नाच, प्रत्येकाची ट्यून एका ओळीत आणि खाली कसं नाचायचं ते. पुस्तक इतकं चाललं की १७२८ च्या आसपासपर्यंत अठरा आवृत्त्या निघाल्या. त्याची नव्याने छापलेली प्रत तिथे हातात घेता येते, आणि जेरेमी बार्लोने १९८५ मध्ये सगळ्या आवृत्त्यांमधल्या ट्यून्स एकत्र करून ५३५ ट्यून्सचं जे पुस्तक केलं ते तर मी पुढे विकतच घेतलं. प्लेफर्डचं बघून बाकीचे प्रकाशकही या धंद्यात उतरले, त्यातला एक जॉन वॉल्श, तोच जो प्रसिद्ध संगीतकार हँडलचं संगीत छापायचा. आणि वॉल्शच्या १७३० च्या आसपासच्या नाचांच्या पुस्तकात आपली ट्यून आहे! ‘प्रिन्सेस रॉयल’ या नावाने. म्हणजे शील्डच्या १७९६ च्या साठेक वर्षं आधी. शील्डचा जन्मच १७४८ चा, संपला विषय.

मग शील्डचं नाव आलं कुठून? तर त्याने १७९६ मध्ये ‘द लॉक अँड की’ नावाच्या ऑपेरात ही ट्यून घेतली, प्रिन्स होअरचे शब्द बसवले आणि ‘द अरेथ्युसा’ हे गाणं झालं. १७ जून १७७८ ला अरेथ्युसा या इंग्लिश जहाजाची फ्रेंचांच्या बेल पूलशी लढाई झाली होती त्यावरचं. गाणं ऐकलं तर वाटतं इंग्लिशांनी मैदान मारलं, प्रत्यक्षात अरेथ्युसाचं डोलकाठीपर्यंत नुकसान झालं आणि बेल पूल निसटून गेलं. पण गाणं तुफान चाललं, आणि पुढे १९०५ मध्ये हेन्री वुड या कंडक्टरने ट्रॅफल्गरच्या आरमारी लढाईच्या शंभर वर्षांनिमित्त दर्यागीतं गुंफून जी फँटसिया केली तिच्यातही आलं, युफोनियम या पितळी वाद्यावर. त्यामुळे लोकांच्या मनात ट्यून शील्डच्या नावावर जमा झाली. आणि मला हा माणूस आवडतो बरं का, डरहॅमकडचा, होड्या बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला पोरगा, स्वतः फिडल वाजवणारा, पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेलेला. त्याने चोरी केली असं मी अजिबात म्हणणार नाही. आपल्याकडे नाट्यसंगीतात पदं जुन्या चालींवर बेतायचे तसंच हे. चूक आहे ती नंतर छापणाऱ्यांची, आणि पैसे घेऊन तेच पुढे शिकवणाऱ्यांची.

दुसरा दावा, कॅरोलन. हा इतका सोपा नाही आणि माझा जवळजवळ अख्खा दिवस यातच गेला. टर्लो कॅरोलन, १६७० ते १७३८, आयर्लंडचा आंधळा हार्पवादक, देवीच्या साथीत अठराव्या वर्षी डोळे गेले, मग मॅकडर्मॉट रो घराण्यातल्या बाईंनी त्याला हार्प शिकवायची सोय केली, घोडा दिला, आणि आयुष्यभर तो मोठ्या घरांमधून फिरत ज्याच्याकडे उतरला त्याच्या नावाने ट्यून करत राहिला. तारखांचं बघाल तर १७३० ला तो हयात होता, त्यामुळे आधी त्याने केली आणि मग ती लंडनला पोचून छापली गेली हे अगदी शक्य आहे. डोनल ओ'सलिव्हनने १९५८ मध्ये कॅरोलनच्या दोनशेहून जास्त ट्यून्स गोळा करून जो ग्रंथ काढला त्यात ही आहे, ‘मिस मॅकडर्मॉट किंवा प्रिन्सेस रॉयल’ अशा जोडनावाने. पण अडचण अशी की कॅरोलनच्या हातचं काहीच नाही, असणार कसं. त्याच्या ट्यून्स आपल्यापर्यंत आल्या त्या दुसऱ्यांच्या हातांतून आणि कानांतून. एडवर्ड बंटिंग हा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक १७९२ च्या जुलैमध्ये बेलफास्टच्या हार्प मेळाव्यात म्हाताऱ्या हार्पवाल्यांचं वादन लिहून घ्यायला बसला तेव्हा कॅरोलनला जाऊन चौपन्न वर्षं झाली होती. म्हणजे गुरुमुखी विद्या. आपल्याला यात काही परकं वाटायला नको, अर्ध्या बंदिशींचे रचनाकार आपण तसेच तर मानतो, गुरुजी म्हणाले म्हणून.

आणि यात सगळ्यात रंगत कशात आहे तर नावात. प्रिन्सेस रॉयल कोण? इंग्लिश बाजूने बघितलं तर दुसऱ्या जॉर्जची थोरली मुलगी ॲन, तिला १७२७ मध्ये हा किताब मिळाला, आणि ती हँडलची शिष्या होती. किताब नवा, राजकन्या संगीतवेडी, हँडलचाच प्रकाशक तीन-चार वर्षांत त्या नावाची ट्यून छापतो, एकदम चपखल. आयरिश बाजूने बघितलं तर मॅकडर्मॉटांचं एक घराणं स्वतःला कुलाव्हिनचे प्रिन्स म्हणवायचं, त्या प्रिन्सची मुलगी म्हणजे प्रिन्सेस, आणि कॅरोलनचा या लोकांच्या घरी कायम राबता. हेही चपखलच! मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवून बसले होते आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. एका ट्यूनमागे दोन राजकन्या, एक लंडनच्या राजवाड्यातली आणि एक पश्चिम आयर्लंडमधल्या राज्य गेलेल्या घराण्यातली.

माझं मत विचाराल तर ट्यूनची ठेवण मला कॅरोलनची वाटते. ती लांब उतरण, वाक्य संपता संपता घेतलेलं वळण, हे त्याच्या बाकीच्या ट्यून्स वाजवल्या की बोटांना ओळखीचं लागतं. पण बोटांना ओळखीचं लागणं म्हणजे पुरावा नाही, आणि लंडनचा छापील कागद हा पुरावा आहे. लायब्ररीत बसून हा फरक मला पहिल्यांदा नीट कळला.

मग तिसरा दावा, आजोबांचा, जो मी सुरुवातीला हसण्यावारी नेला होता. कॉट्सवोल्ड भागातल्या मॉरिस नाचणाऱ्या गावांत, बॅम्प्टन, शेरबोर्न, ब्लेडिंग्टन वगैरे, प्रिन्सेस रॉयल हा एकट्याने नाचायचा प्रकार आहे, त्याला ते जिग म्हणतात. सेसिल शार्पने मॉरिस पहिल्यांदा पाहिला तो १८९९ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनला, विल्यम किंबर कॉन्सर्टिना वाजवत होता, दुसऱ्या दिवशी शार्पने त्याला बोलावून पाच ट्यून्स लिहून घेतल्या, आणि पुढची कित्येक वर्षं तो गावं पालथी घालत राहिला. त्याच्या मूळ वह्या केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजमध्ये आहेत, प्रती इथे बघायला मिळतात. तर त्या काळातल्या नोंदींमध्ये एकाच ट्यूनची वेगवेगळ्या गावची रूपं मी एकाखाली एक लिहून काढली, आणि मग मला कळलं की आजोबा काय म्हणत होते.

एका गावात कोमल गंधार, दुसऱ्या गावात तीच ट्यून शुद्ध गंधाराने! म्हणजे एकीकडे काफी-आसावरीच्या अंगाने जाणारी आणि दुसरीकडे चक्क बिलावल. नाव तेच, उतरण तीच, मधले मुक्काम तेच, आणि रंग पूर्ण वेगळा. आणि ते लय निम्म्यावर आणणं, ते कुठल्याच राजकन्येसाठी नाही, ते नाचणाऱ्यासाठी आहे. जिगमध्ये एक जागा येते जिथे नाचणारा उंच उड्या मारतो, त्याला ते केपर म्हणतात, आणि माणूस हवेत जितका वेळ असेल तितका वेळ फिडलवाल्याला सूर लांबवायला लागतो. म्हणून ट्यूनचा तेवढा तुकडा दुप्पट ठाय लयीत जातो. घुंगरू बांधलेला धट्टाकट्टा शेतमजूर उडी मारून खाली येईपर्यंत थांबायचं आणि पाय टेकले की सम. वॉल्शच्या पुस्तकात हे असणारच नाही, तिथली ट्यून हॉलमध्ये ओळीने नाचणाऱ्या सभ्य जोडप्यांची.

बॅम्प्टनचा फिडलवाला विल्यम वेल्स, ज्याला सगळे जिंकी म्हणायचे, १८६८ ते १९५३, त्याच्यासारख्या माणसांच्या हातात ही ट्यून पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांनी कॅरोलनही वाचला नसेल आणि वॉल्शही बघितला नसेल. समोरच्याचे पाय बघून वाजवलं, आणि पायांनी ट्यून बदलली. म्हणून आता कोणी मला विचारलं की ही इंग्लिश ट्यून आहे का, तर मी म्हणते जन्म कदाचित आयर्लंडचा असेल, पहिली छापील नोंद लंडनची आहे, पण आम्ही सेशनला जी वाजवतो, ती मधेच थांबणारी, उड्या मारणारी, ती कॉट्सवोल्डच्या गावांतल्या रस्त्यांवर घडलेली आहे आणि तिथल्या लोकांचा तिच्यावरचा हक्क बाकी दोघांइतकाच खरा आहे.

परत लायब्ररीबद्दल थोडं. टेबलं मोठी आहेत, शांतता आहे पण दबाव नाही, मी हळू आवाजात गुणगुणत होते तरी कोणी वळून बघितलं नाही, शेजारी एक जण टेबलावर बोटांनी ताल धरून बसला होता. नोटेशन वाचता येत असेल तर उत्तमच, नसेल तर जाण्याआधी थोडं शिकून घ्या, कारण सगळं पाश्चात्त्य पद्धतीने पाच रेघांच्या स्टाफवर लिहिलेलं आहे, मी घरी येऊन आपल्या सरगममध्ये उतरवलं आणि मगच मला गावागावातले फरक नीट दिसले. पेन्सिल न्या. जेवण करून जा, कारण एकदा बसलात की उठवत नाही. आणि एकच ट्यून डोक्यात घेऊन जा, दहा नाही, मी जाताना पाच ट्यून्सची यादी नेली होती आणि पहिलीच संपली नाही.

लहान मुलांना घेऊन जायची जागा आहे का, तर लायब्ररी तशी नाही, पण त्याच इमारतीत मुलांसाठीचे कार्यक्रम असतात ते बघा. स्टार द्यायचे तर पाचपैकी पाच, बिनशर्त.

पुढच्या आठवड्यात सेशनला मी वही घेऊन गेले. आयरिश मुलीला ओ'सलिव्हनच्या पुस्तकातली नोंद दाखवली, तिने फोटो काढून आईला पाठवला. आजोबांना शुद्ध गंधारवालं रूप वाजवून दाखवलं, त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले हे मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं, परत वाजव. मग आम्ही दोन्ही रूपं लागोपाठ वाजवली, आधी कोमल, मग शुद्ध, आणि केपरच्या जागी ते खुर्चीतून उठले आणि हातातला रुमाल वर उडवला, आणि तो खाली येईपर्यंत मी सूर धरून ठेवला.